पंधरा ग्रॅम आणि पंधरा मिनिटे

मधुमेहाचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक साखर वाढण्याचा इतिहास लिहितात. ते साहजिकच आहे. चरकसंहितेत लघवीला मुंग्या लागण्याची नोंद आहे, सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगितले आहेत, आणि तिथपासून अगदी परवापर्यंत सगळ्यांची नजर जास्त झालेल्या साखरेवर खिळलेली आहे. मधुमेह्याची साखर प्रमाणाबाहेर उतरणे ही गोष्ट वेगळी. ती या आजाराने होत नाही, आजाराच्या औषधाने होते. आणि टोरांटोत तयार झालेले ते औषध पहिल्या रुग्णाला टोचले गेले ११ जानेवारी १९२२ रोजी. म्हणजे या दुखण्याचे वय जेमतेम शंभर वर्षे.

त्या शंभर वर्षांतल्या एका अगदी छोट्या प्रश्नाचा माग मला या लेखात काढायचा आहे. साखर उतरलेल्या माणसाने ती वर आणण्यासाठी किती खायचे? प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो, आणि 'काहीतरी गोड खा' हे त्याचे उत्तर कोणीही देतो. पण 'काहीतरी' म्हणजे किती, हे तपासून, ग्रॅममध्ये सांगायला वैद्यकाला साठ-सत्तर वर्षे लागली. मधल्या काळात रुग्ण गरजेपेक्षा कितीतरी जास्त खात राहिले आणि त्याबद्दल बोलणीही खात राहिले. मी डॉक्टर नाही. टपाल खात्यात नोकरी करता करता जुने वैद्यकीय ग्रंथ वाचायचा नाद लागला, तो सुटला नाही. गेली चौदा वर्षे मी स्वतः इन्सुलिन घेते. त्यामुळे हा विषय माझ्यापुरता केवळ कुतूहलाचा उरलेला नाही, हेही सांगून टाकते.

आधी थोडा हिशेब. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी साखर शंभर असली, म्हणजे दर शंभर मिलिलिटर रक्तात शंभर मिलिग्रॅम, तर साऱ्या रक्तात मिळून साखर होते पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा! ती पन्नासवर आली की रक्तातली तूट अडीच ग्रॅमची. रक्ताबाहेरच्या द्रवातही साखर पसरते, म्हणून प्रत्यक्षात भरपाई याच्या काही पट करावी लागते. पण कितीही पट केली तरी ती दोन-तीन चमच्यांत बसते. आणि त्या क्षणी माणसाला वाटत असते की समोरचे पातेले रिकामे केले तरी आपले भागणार नाही. गरज चमच्याची आणि भूक पातेल्याची, हे अंतर कुठून आले?

इन्सुलिनच्या आधीची दहा वर्षे पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन या डॉक्टरांनी १९१४ च्या सुमारास उपासाचे उपचार सुरू केले. लघवीतली साखर जाईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचे, मग जेमतेम तगेल इतकेच खायला द्यायचे. पर्याय नसल्यामुळे हा उपचार त्या काळी सर्वांत चांगला ठरला, आणि त्याने काही मुलांना इन्सुलिन येईपर्यंत जगवलेही. पण ॲलन यांच्याच नोंदींत एका बारा वर्षांच्या अंध मुलाची हकीकत आहे. त्याला खोलीबाहेर जाऊ देत नव्हते, तरी लघवीत साखर येतच राहिली. खूप खोदून विचारल्यावर उलगडा झाला: त्याने पिंजऱ्यातल्या पाळीव पक्ष्याचे दाणे आणि दात घासायची पेस्ट खाल्ली होती. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. मधुमेह्याच्या भुकेकडे चोरी म्हणून पाहायची सवय वैद्यकाला लागली ती याच काळात, असे माझे मत आहे. लघवीतली साखर हा त्या चोरीचा पुरावा, आणि डॉक्टर तपास अधिकारी.

टोरांटोत १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग सर्वांना माहीत आहेत. त्या चमूतला तिसरा माणूस जेम्स कॉलिप हा रसायनज्ञ. स्वादुपिंडाचा अर्क शुद्ध करण्याचे काम त्याच्याकडे होते. अर्क कितपत प्रभावी आहे हे तपासायला तो निरोगी सशांना टोचत असे. काही ससे आधी खाण्यासाठी कासावीस होत, मग त्यांना आचके येत, मग ते निपचित पडत. अर्कात विष राहिले असावे अशी शंका कोणालाही आली असती. पण १९२१ मध्येच मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकचे फ्रँक मान यांनी दाखवून दिले होते की, यकृत काढलेल्या कुत्र्याची साखर घसरते, तो मरणाच्या दारात पोहोचतो आणि शिरेतून ग्लुकोज दिले की उठून उभा राहतो. कॉलिपने सशांना ग्लुकोज टोचले, आणि मेल्यासारखे पडलेले ससे काही मिनिटांत सावध झाले. साखर कमी होण्यावरचा उपाय अशा रीतीने इन्सुलिनबरोबरच, त्याच प्रयोगशाळेत सापडला.

गंमत म्हणजे इन्सुलिनचे मापही याच आचक्यांवरून ठरले. चोवीस तास उपाशी ठेवलेल्या सशाची साखर शंभराला पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत उतरवून त्याला झटके आणेल इतके इन्सुलिन म्हणजे एक युनिट, अशी सुरुवातीची व्याख्या होती. माणसांसाठी ते माप फार मोठे ठरले, म्हणून १९२३ मध्ये त्याचा एक तृतीयांश भाग हे एकक धरले गेले. आज माझ्या पेनवर जे आकडे फिरतात त्यांचे मूळ सशाच्या हायपोत आहे. औषधाचे माप असे काटेकोर बांधले गेले. त्यावरच्या उताऱ्याचे माप मात्र कोणी बांधले नाही.

पहिल्या वर्षी प्रत्येक घाण्यातले इन्सुलिन कमीजास्त तीव्रतेचे निघे, त्यामुळे साखर घसरण्याचे प्रसंग वारंवार येत. बँटिंगचा वर्गमित्र जो गिलख्रिस्ट हा डॉक्टर आणि स्वतः मधुमेही. नवा घाणा आला की तो आधी स्वतःला टोचून पाही, आणि आपण माणसांतला ससा आहोत अशी थट्टा करी. टोरांटो जनरल हॉस्पिटलमधले वॉल्टर कॅम्पबेल आणि आमन फ्लेचर या दोघांनी हे प्रसंग बारकाईने टिपले आणि १९२२ मध्येच त्यावर निबंध लिहिला. थरथर, दरदरून घाम, जीव घाबरा होणे, अंगातले त्राण गेल्यासारखे वाटणे, विलक्षण भूक. पुढे बोलणे असंबद्ध होणे आणि शुद्ध हरपणे. आजच्या कोणत्याही पुस्तिकेतली लक्षणांची यादी जवळपास हीच असते. उपाय होता संत्र्याचा रस किंवा साखर.

या काळातली सर्वांत प्रसिद्ध रुग्ण एलिझाबेथ ह्यूज. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. ॲलन यांच्या उपासाखाली तीन वर्षे काढून ती ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला आली, तेव्हा पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरच्या या मुलीचे वजन होते सुमारे पंचेचाळीस पौंड, म्हणजे वीस किलोच्या आसपास. काही आठवड्यांत ती पाव, बटाटे, साय खाऊ लागली आणि आईला पत्रांतून ते पदार्थ एकेक करून कळवू लागली. जिने तीन वर्षे घास मोजून खाल्ले, तिला साखर उतरल्यावर 'बेताने खा' म्हणायची कोणाची छाती झाली असती? त्या पिढीच्या डॉक्टरांसमोर प्रश्न जीव वाचवण्याचा होता. पटकन गोड द्या, भरपूर द्या. मात्रेचा विचार नंतर. मला यात त्यांचा दोष दिसत नाही.

दोष पुढे दिसतो. १९२४ साली शिकागोत बुलाताव आणि कार्लसन यांनी कुत्र्यांवर दाखवून दिले की, इन्सुलिनने साखर उतरवली की जठराची भुकेची आकुंचने जोरात सुरू होतात, आणि ग्लुकोज टोचले की थांबतात. त्याच वर्षी हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी सिद्ध केले की, साखर घसरताच शरीर ॲड्रेनलिन सोडते. म्हणजे वाघ समोर आल्यावर जे होते तेच: छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो. पोटात खड्डा आणि डोक्यात धोक्याची घंटा, दोन्ही एकाच वेळी. वर मेंदूला इंधन कमी पडत असल्याने 'आता पुरे' असे ठरवणारी बुद्धीच मंदावलेली. अशा माणसाने मोजून दोन चमचे साखर घ्यावी आणि हात जोडून बसावे, ही अपेक्षा किती अवघड आहे ते १९२४ पासून शास्त्राला ठाऊक होते.

ठाऊक होते इतकेच नाही, वापरातही होते. व्हिएन्नाच्या विल्हेल्म फाल्टा यांनी १९२० च्या दशकात हडकुळ्या, पण मधुमेह नसलेल्या रुग्णांना जेवणाआधी थोडे इन्सुलिन टोचून त्यांची भूक आणि वजन वाढवण्याचा उपचार सुरू केला, आणि तो पुढे बऱ्याच देशांत गेला. त्याच शहरात १९३३ मध्ये मानफ्रेड झाकेल यांनी मनोरुग्णांना इन्सुलिनने बेशुद्ध करून नळीतून साखर देऊन शुद्धीवर आणायची पद्धत जाहीर केली. ते रुग्णही उपचाराच्या काळात चांगलेच जाड होत. ही पद्धत नंतर निरुपयोगी ठरून मागे पडली. माझा मुद्दा वेगळा आहे. एका वॉर्डात इन्सुलिनने वाढणारी भूक हा औषधाचा गुण म्हणून वहीत लिहिला जात होता, आणि शेजारच्या वॉर्डात तीच भूक रुग्णाच्या स्वभावातला दोष समजली जात होती.

असे का झाले असावे? मला वाटते, उत्तर परीक्षानळीत आहे. स्टॅन्ली बेनेडिक्ट यांचे निळे द्रावण १९०० च्या दशकाअखेरीस आले आणि पुढची सत्तर वर्षे घरोघरच्या मधुमेह्यांचे तेच साधन होते. पाच मिलिलिटर द्रावण, आठ थेंब लघवी, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. मग हिरवे, पिवळे, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखे तांबडे. या परीक्षेची एक मर्यादा फारशी कोणी बोलून दाखवत नसे. साखर शंभर असो वा चाळीस, रंग निळाच. साखर खाली गेल्याची खूण त्या नळीत उमटतच नव्हती. ती उतरल्यावर माणसाने जे खाल्ले, ते मात्र चार-पाच तासांनी तांबड्या रंगात उमटायचे. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची आहे: दप्तरात एकाच बाजूचे कागद जपलेले असतात.

माझ्याकडे असे एक दप्तर आहे. आईने १९७४ पासून इन्सुलिन घेतले, आणि तिची शंभर पानी वही मी ठेवून दिली आहे. प्रत्येक दिवसापुढे रंगाचे पहिले अक्षर: नि, हि, पि, ता. शिकलेली चौथीपर्यंत, पण एकही दिवस चुकलेला नाही. काही ठिकाणी समासात बारीक अक्षरांत लिहिले आहे, 'रात्री घाम, दोन लाडू, दूधपोळी', आणि दुसऱ्या दिवसापुढे 'ता'. वही ज्या डॉक्टरांना दाखवली जाई त्यांनी त्या 'ता'भोवती लाल गोल काढले आहेत आणि एके ठिकाणी शेरा मारला आहे: 'खाण्यावर ताबा हवा.' समासातल्या 'रात्री घाम'भोवती एकही गोल नाही. मी पंधरा-सोळा वर्षांची होते. त्या शेऱ्यानंतर आई घाम फुटला तरी अंथरुणात तशीच पडून राहू लागली, कारण उठून काही खाल्ले तर सकाळी नळी तांबडी होणार. एकदा पहाटे ती हाकेला ओ देईना. वडिलांनी शेजारच्यांच्या मदतीने तिला दवाखान्यात नेले, शिरेतून ग्लुकोज मिळाले, ती वाचली. पुढे आणखी अठरा वर्षे जगली. पण पाहुण्यांसमोर गोडाचा कण तोंडात टाकायची तिला शेवटपर्यंत लाज वाटे.

रात्रीच्या या घामाला एक खास इतिहास आहे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी माशांपासून मिळणारे प्रोटामिन हे प्रथिन मिसळून इन्सुलिनचा असर लांबवला; टोरांटोत त्यात जस्त घालून तो चोवीस तासांच्याही पुढे नेला. दिवसात तीन-चार टोचण्यांऐवजी एक, ही मोठीच सोय. पण हे इन्सुलिन रात्री, पोट रिकामे असतानाही आपले काम करीत राहायचे. म्हणून झोपताना खाऊन झोपायचा सल्ला आला. भुकेसाठी खाणे संपले आणि औषधासाठी खाणे सुरू झाले.

सेंट लुईसचे मायकेल शोमोजी हे मूळचे हंगेरीचे जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९३० च्या दशकात उलटा विचार मांडला. सकाळची साखर जास्त दिसली की सगळे इन्सुलिन वाढवतात. पण कदाचित रात्री साखर फार उतरली असेल आणि शरीराने आपल्या साठ्यातून ती उसळवली असेल. तेव्हा इन्सुलिन कमी करून पाहा. रुग्णाच्या तोंडाऐवजी डॉक्टरच्या सिरिंजकडे बोट दाखवणारा हा पहिला मोठा आवाज, म्हणून मला शोमोजींबद्दल आदर आहे. त्यांचे स्पष्टीकरण मात्र पुरते टिकले नाही. नॉटिंगहॅमच्या एडविन गेल आणि रॉबर्ट टॅटरसॉल यांच्या गटाने १९८० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवले की, रात्रभर रक्त तपासत राहिल्यास अशी उसळी फारशी हाती लागत नाही. सकाळची साखर वाढते ती मुख्यतः पहाटेपर्यंत इन्सुलिनचा असर ओसरल्याने. रात्री जाग येऊन माणूस जे खातो त्याचा वाटा अर्थातच वेगळा. (टॅटरसॉल यांनी पुढे मधुमेहाचा इतिहासही लिहिला. डॉक्टरांनी इतिहास लिहिला की आमच्यासारख्यांची सोय होते.)

म्हणजे खाण्याने साखर वाढते हे खरेच होते. आईच्या वहीतला 'ता' लाडवांचाच होता, शरीराच्या उसळीवर तो ढकलता येत नाही. पण त्या लाडवांच्या मागची घसरण औषधाने आणली होती, आणि ती दिसेल असे साधन घरात नव्हते.

ते साधन आले १९७० च्या सुमारास. एम्स कंपनीत अँटन क्लेमेन्स यांनी सव्वा किलो वजनाचे एक यंत्र तयार केले. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा, एक मिनिटाने पाण्याने धुवायचा, टिपायचा आणि यंत्रात घालून काटा वाचायचा. ते डॉक्टरांसाठी होते, रुग्णांना विकत नसत. न्यूयॉर्कचे रिचर्ड बर्नस्टीन नावाचे इंजिनियर, वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेही. त्यांची पत्नी डॉक्टर होती, तिच्या नावावर त्यांनी यंत्र मागवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासू लागले. इंजिनियरचाच स्वभाव, त्यांनी ग्लुकोजच्या गोळ्या घेऊन पाहिल्या आणि हिशेब मांडला की, साधारण चौसष्ट किलो वजनाच्या माणसाची साखर एक ग्रॅम ग्लुकोजने पाच मिलिग्रॅमने वाढते. चाळीसने वाढवायची तर आठ ग्रॅम. सुरुवातीला लक्ष देऊन ऐकणारे डॉक्टर त्यांना फारसे भेटले नाहीत, म्हणून पंचेचाळिशीत ते स्वतः वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर झाले. त्यांच्या अतिकमी कर्बोदकांच्या आहाराबद्दल मतभेद आहेत आणि मलाही तो झेपणारा वाटत नाही. पण साखर उतरल्यावर खायचे अन्न हे अन्न नसून औषध आहे आणि त्याला मात्रा असते, हे त्यांच्याइतके स्वच्छ कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर प्रयोगशाळांनीही हे काम हाती घेतले. १९८४ आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत ग्लुकोजच्या गोळ्या, साखर, रस, दूध यांची तुलना झाली. रस आणि दूध मागे पडले, ग्लुकोज आणि साखर पुढे राहिली. १९९३ मध्ये विथॉप आणि क्रायर यांनी मोजले की, साठच्या आसपास असलेली साखर दहा ग्रॅम ग्लुकोजने अर्ध्या तासात सत्त्याण्णवपर्यंत येते. वीस ग्रॅमने पाऊण तासात एकशे बावीसपर्यंत. आणि तासाभराने पुन्हा उतरू लागते. पंधरा ग्रॅम घ्या, पंधरा मिनिटे थांबा, पुन्हा तपासा, हा आज पाठ करून घेतला जाणारा नियम या दहा-वीसच्या मधला आहे. पंधरा हे काही देववाक्य नव्हे. मुलांना वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.३ ग्रॅम धरतात, म्हणजे तीस किलोच्या मुलाला नऊ ग्रॅम पुरे.

त्याच १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ रुग्णांचा मोठा अभ्यास जाहीर झाला. साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू वाचतात हे त्याने निर्विवाद सिद्ध केले. पण काटेकोर गटात साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग तिप्पट झाले आणि पाच वर्षांत वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ४.६ किलोंनी जास्त वाढले. त्या वजनाला कारणे अनेक आहेत, लघवीवाटे वाया जाणारी साखर थांबणे हे त्यातले मोठे; पण घसरलेली साखर सावरायला खाल्लेले घासही त्यात आहेत. औषध वाढवायचे, त्याच्यासाठी खायचे, खाल्ल्याने वाढले म्हणून पुन्हा औषध वाढवायचे, हे चक्र इन्सुलिन घेणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

राहिली पंधरा मिनिटे, आणि खरी लढाई तिथेच आहे. तोंडातली साखर आतड्यापर्यंत पोहोचून रक्तात उतरायला वेळ लागतो. ती उतरली तरी ॲड्रेनलिनचा अंमल लगेच जात नाही. मीटर नव्वद दाखवते आणि हात कापतच असतात. हल्ली दंडावर चिकटवायचे सेन्सर आले आहेत. त्यांनी रात्रीची घसरण दिसू लागली, हे माझ्या आईच्या समासाला मिळालेले उशिराचे उत्तर म्हणता येईल. पण सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि ती रक्ताच्या काही मिनिटे मागे असते. रक्तात साखर चढलेली असताना फोनवरचा बाण अजून खालीच पाहत असतो, आणि बाण पाहून माणूस पुन्हा डबा उघडतो. अशा वेळी बोटातून रक्त काढून पाहणे बरे.

आपल्याकडच्या काही गोष्टी परदेशी पुस्तिकांत सापडत नाहीत. साखर उतरली की आपण लाडू, बर्फी, पेढा यांच्याकडे वळतो, आणि त्यातले तूप-खवा साखरेला पोटात अडवून धरतात. पहिला लाडू काम करेपर्यंत तिसरा पोटात गेलेला असतो. पाण्यात विरघळवलेली साखर किंवा ग्लुकोज पावडर याहून लवकर लागू पडते. जेवणाबरोबर ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांना मात्र नेहमीची साखर चटकन उपयोगी पडत नाही, कारण ती फोडणारे आतड्यातले द्रव्यच ही गोळी अडवते. त्यांनी ग्लुकोजच ठेवावे.

ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांचा प्रश्न निराळा आहे. या जातीच्या औषधांचा शोधच अशा घसरणीतून लागला: १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए शहरी विषमज्वरावर एक नवे औषध देताना रुग्णांची साखर उतरू लागली, ते डॉक्टर जानबाँ यांच्या लक्षात आले. म्हातारपणी, मूत्रपिंडे थकलेली असताना, त्यातून एकादशीचा किंवा नवरात्राचा उपास असताना या गोळ्यांनी उतरलेली साखर एकदा वर येऊन तासातासांनी पुन्हा खाली जाऊ शकते. तिथे पंधरा ग्रॅमवर विसंबून न राहता दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतण्याची आपल्याकडची रीतही जिवावर बेतू शकते. ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी ग्लुकागॉनचे इंजेक्शन किंवा शिरेतून ग्लुकोज हाच मार्ग.

माझ्या स्वयंपाकघरात सोन्याचांदीच्या दुकानात असतो तसा एक छोटा डिजिटल काटा आहे. महिन्यातून एकदा मी ग्लुकोज पावडरच्या पुड्या बांधते, प्रत्येकी पंधरा ग्रॅम, आणि त्यांवर पेनाने वजन लिहिते. दोन पर्समध्ये, दोन उशाशी, एक ऑफिसच्या खणात. शेजारी किचन टायमर. पुडी पाण्यात ढवळून प्यायची, टायमर लावायचा आणि स्वयंपाकघरातून उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे. ही बाहेरची खोली कोणत्याही शोधनिबंधात नाही, पण फराळाचे डबे जिथून दिसत नाहीत अशी घरात तेवढीच जागा आहे. पंधरा मिनिटांनी मीटर. सत्तरच्या वर असेल आणि जेवायला तासाभराहून अधिक वेळ असेल, तर अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटे, कारण क्रायर यांच्या आलेखातली रेघ साठाव्या मिनिटाला खाली वळते.